शेडमध्ये थांबलेला ठिपका

१

धडक झाली तेव्हा अयहम त्याच्या मोबाइलच्या हिशेबी शेडमध्ये उभा होता.

खरं तर तो तिथून दीड किलोमीटरवर होता. ओमानातल्या बर्का गावापासून आत डोंगराच्या पायथ्याशी क्लबचा गाड्या पळवायचा ट्रॅक आहे. तिथल्या तिसऱ्या वळणावर त्याची गाडी पाणी मारणाऱ्या टँकरवर आदळली. त्यात तो गेला. वय तेवीस. ज्या टँकरवर गाडी आदळली त्याचा ड्रायव्हर शफीउल, बांगलादेशातल्या नोआखालीचा, त्या दिवसापासून कोठडीत होता.

रय्या बिन्त सैफनं तीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढली होती. अख्ख्या ओमानात कुणाच्या खजुराच्या बागेची हद्द कुठे संपते हे तिला विचारायचे. निवृत्त झाल्यावर सुखानं बसावं, तर सरकारी वकील मुन्दिरनं तिला बोलावून टेबलावर फाइल आपटली.

"उस्ताझा, भांडण एवढंच आहे. झेंडेवाला हमूद म्हणतो, मी लाल झेंडा दाखवला, तरी टँकरवाला घुसला. टँकरवाला म्हणतो, हमूदनं हिरवा दाखवला. बघणारं तिसरं कुणी नाही, सगळे असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला गेले होते."

"म्हणजे आपल्या माणसाचा शब्द आणि परक्याचा शब्द. निकाल लागलाच म्हणायचा."

"टोमणे नकोत, पुरावा हवा. रविवारी सुनावणी आहे. त्याआधी काही हाती लागलं नाही तर तो टँकरवाला पोरगा तुरुंगात जातो, आणि वर्षानुवर्षं बाहेर येत नाही."

हमूदचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक ड्रायव्हरच्या मोबाइलवर फेऱ्यांची वेळ मोजणारं अ‍ॅप असतं, आणि सगळ्या गाड्यांचे ठिपके त्याच्या टॅबवर दिसतात. अयहमचा ठिपका दुसऱ्या वळणावरून तिसऱ्याकडे पळताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. गाडी ट्रॅकवर दिसत असताना कुठला वेडा हिरवा झेंडा दाखवेल?

रय्यानं चष्मा लावला आणि मोबाइलमधून काढलेली नोंद वाचली. अ‍ॅप दर सेकंदाला एक ओळ लिहायचं. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांपर्यंत जागा दिसत होती, शेडचं दार. पुढची सहा मिनिटं जागेचा रकाना कोरा. तीन सत्तेचाळीसला धडक, म्हणजे एक हिसका. आणि त्यानंतर दीड मिनिटानं जागा परत आली, तिसरं वळण, अगदी चार मीटरच्या आत नेमकी.

"हमूद म्हणतो, ठिपका चालत होता, नोंदच मागाहून धडकेत बिघडली," मुन्दिर म्हणाला. "आणि रकाना कोरा का, याचं कारण तुम्हाला सांगता आलं नाही, तर न्यायाधीश त्याचंच ऐकतील. 'कधीकधी असं होतं' कोर्टात चालत नाही."

फाइलच्या शेवटी शफीउलच्या खिशातल्या वस्तूंची यादी होती. किल्ल्या, कंगवा, जपमाळ, एक रिकामी चंदेरी पिशवी निळ्या चेनची, अर्धा बिस्किटांचा पुडा. रय्यानं ती नुसती चाळली आणि पान उलटलं. ती चूक तिला पुढे तीन दिवस महागात पडली.

२

हमूद पोलादी कंटेनरच्या टपावर, ताडपत्रीखाली बसला होता. बाजूला दोन झेंडे, मांडीवर टॅब. समोर उघडी टेकडी होती, आणि शेडमधून निघालेली गाडी तिच्यामागून वळून चौथ्या वळणालाच पहिल्यांदा नजरेस पडायची.

"म्हणजे पहिली तीन वळणं तुला दिसतच नाहीत?"

"म्हणून तर हा टॅब आहे ना, उस्ताझा. आम्ही टेकडीकडे बघतच नाही. पडद्याकडे बघतो."

"आणि टँकर?"

"रोज असरच्या वेळी धूळ बसवायला पाणी मारतो. ट्रॅक रिकामा असतो, सगळे नमाजाला असतात."

"मग अयहम कसा नव्हता?"

हमूदनं टोपी सारखी केली. "ते बापलेक लांब इब्रा गावाहून यायचे. प्रवासातली माणसं. त्यांनी दुपारचा आणि असरचा नमाज एकत्रच उरकून घेतला होता. बाकीचे गेले आणि पोरगा रिकाम्या ट्रॅकवर निघाला. आता सांगा, यात माझा काय दोष?"

कुणी न विचारता माणूस आपला दोष नाही म्हणायला लागला, की रय्याच्या मनात पाल चुकचुकायची. तीस वर्षं हद्दीचे दगड सरकवणाऱ्यांशी गाठ पडली होती.

"ठिपका नीट पळत होता? मधेच उडी मारली? टेकडी चढला? समुद्रात गेला?"

"नाही, नाही. अगदी सरळ, ट्रॅकवरून."

"छान," रय्या म्हणाली आणि जिन्याकडे वळली. टेकडीला लागून जाणाऱ्या गाडीचा ठिपका कधीच इतका सरळ पळत नाही. दगडावरून आपटून येणारा उपग्रहाचा सिग्नल मोबाइलला थोडातरी फसवतो. हे तिला ठाऊक होतं, हमूदला नव्हतं.

पण खोटं ओळखणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. खाली उतरताना हमूदनं मागून आवाज दिला.

"उस्ताझा! मोबाइलचं विचारायचं असेल तर त्या माझिनला विचारा. त्या दिवशी सकाळी पोराचा फोन त्याच्या हातात होता. चांगली पाच मिनिटं!"

३

माझिनचं गाड्यांच्या काचांना उष्णतारोधक फिल्म लावायचं दुकान होतं. शर्यतींच्या मोसमात अयहमच्या खालोखाल त्याचाच नंबर. रय्यानं दुकानात पाऊल टाकताच त्याचा चेहरा उतरला.

"खाला, मी काही केलं नाही."

"अजून मी काही विचारलेलंही नाही. त्या सकाळी फोन घेऊन काय केलंस ते सांग."

त्यानं एका दमात सगळं ओकून टाकलं. आदल्या आठवड्यात त्यानं अयहमच्या पुढच्या काचेला नवी फिल्म लावून दिली होती, फुकट, दोस्तीखातर. धातूचा थर असलेली, उन्हाला भारी. आणि त्या सकाळी फोन हातात आला तेव्हा त्यानं गुपचूप बॅटरी वाचवायचं बटण चालू करून ठेवलं.

"का रे बाबा?"

"बॅटरी वाचवायला लागला की फोन जागा रोज बघतो तशी बघत नाही, आळशी होतो. फेरीची वेळ एखाद-दोन सेकंदांनी चुकते. वल्लाह, खाला, मला फक्त त्याची एक फेरी खराब करायची होती. त्याचा जीव नव्हता घ्यायचा!" आणि तो त्या चिकट वासाच्या दुकानात, कामगारांदेखत, हमसून रडायला लागला.

रय्याला कणव आली, पण काम आधी. "रडणं थांबव आणि गाडी काढ."

दुपारभर त्यांनी तपासलं. आधी बॅटरीचं बटण चालू करून फिरले. जागेच्या नोंदी विरळ झाल्या, दर पंधरा सेकंदांना एक. विरळ, पण होत्या. मग तीच फिल्म लावलेल्या काचेमागे मोबाइल ठेवून फिरले. ठिपका दारुड्यासारखा झोकांड्या खायला लागला, कधी रस्त्याच्या अलीकडे, कधी पलीकडच्या बागेत. वेडावाकडा, पण होता. मग दोन्ही एकदम केलं. तरी रकाना पुरता कोरा होईना.

"कुणीतरी सिग्नल दाबून टाकायचं यंत्र आणलं असेल," माझिन नाक पुसत म्हणाला.

"मग शेडमधल्या बाकी पाच मोबाइलांचीही जागा गेली असती. त्यांच्या नोंदी स्वच्छ आहेत. प्रत्येक बिघाडाचं आपलं हस्ताक्षर असतं, पोरा. हे तुझं नाही."

माझिनच्या छातीवरचं ओझं थोडं उतरलेलं दिसलं. रय्याचं मात्र वाढलं. संशयित होते ते एकेक करून सुटत होते आणि शफीउल होता तिथंच होता.

गाडीत बसून तिनं कागद परत काढले. ज्या सहा मिनिटांत जागा नव्हती त्या सहा मिनिटांत बाकीचे रकाने भरलेले होते. बॅटरी होती, वेळ होती, फोनचं तापमानही होतं. म्हणजे नोंद धडकेत बिघडली नव्हती. इतके दिवस ती कोऱ्या रकान्याकडे बघत राहिली होती, आणि शेजारच्या भरलेल्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

"माझिन, पळताना गाडीत एसी लावता?"

"छे! सगळा जोर जातो. आत भट्टी असते. त्या दिवशी बाहेरच शेहेचाळीस होतं."

रय्यानं कागद त्याच्यापुढे धरला. धडकेच्या क्षणी फोनचं तापमान लिहिलं होतं, एकोणीस.

४

इब्राला झहरानच्या घरी बैठकीत खजूर आणि कहवा आला. अजून शोकाची माणसं येत-जात होती. येणारा प्रत्येकजण त्याला "अबू अयहम" म्हणायचा, अयहमचा बाप, आणि दर वेळी त्याच्या पापण्या किंचित हलायच्या.

"तुम्ही त्या टँकरवाल्यासाठी आलात," तो म्हणाला. "लोक सांगतात, माफ कर. मला माफ करायचं नाही. त्यानं आत गाडी घातली आणि माझं घर रिकामं केलं. त्यानं भोगलं पाहिजे."

"मी माफी मागायला आले नाही. मी मोजायला आलेय."

झहरान फार टापटिपीचा माणूस होता. चपला भिंतीशी एका रेषेत, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये. जेवणाआधी त्यानं कोपऱ्यातला चहाचा जुना थर्मास ओढला, झाकण उघडलं, आणि बर्फाच्या खड्यांतून इन्सुलिनचं पेन काढून पोटाला टोचलं.

"औषध थर्मासमध्ये?" रय्यानं विचारलं.

"दवाखान्यानं पिशवी दिली होती. हरवली. त्या गडबडीत काय काय हरवलं, कुणी मोजलंय?"

रय्याचा कहव्याचा पेला ओठांपाशीच थांबला. चंदेरी पिशवी, निळी चेन. खरं म्हणजे तिथंच ओरडून विचारावंसं तिला वाटलं. पण समोर मेलेल्या पोराचा बाप बसला होता. जिवावर आलं.

"त्याच्या मोबाइलचं सांगा. तापायचा?"

झहरान पहिल्यांदाच जरा मोकळा झाला. "फार! मागच्या आठवड्यात त्यानं आयुष्यातली सगळ्यात चांगली फेरी मारली आणि तेवढ्यात फोन तापून बंद पडला. नोंद गेली. तेवीस वर्षांचा घोडा, पण गाडीत बसून लहान पोरासारखा रडला. मला बघवलं नाही हो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? बाप काय करणार?" तो म्हणाला आणि उठून बाहेरच्या माणसांकडे गेला.

रय्याचा पेला हातातच गार झाला. आपल्याला आता काय सापडणार आहे हे तिला कळलं होतं, आणि ते सापडू नये असं तिला मनापासून वाटत होतं.

५

कोठडीत शफीउल भिंतीला टेकून बसला होता. रय्याला बघून उभा राहिला. डोळे खोल गेले होते.

"मॅडम, हिरवा होता. शंभर वेळा सांगितलं. लाल असता तर मी कशाला जाईन? मलाही घरी पोरगी आहे."

"झेंड्याचं विचारत नाही. ती चंदेरी पिशवी कुठली?"

तो गोंधळला. इतक्या दिवसांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. "ती माझी नाही, मॅडम. मी चोरली नाही!"

"चोरली असं म्हणत नाही रे. सांग."

त्यानं सांगितलं. धडकेनंतर तो टँकरमधून उडी मारून धावला. गाडीचं दार उचकटलं. पोरगा शुद्धीत होता, रक्त डोक्यातून येत होतं. शफीउलचा स्वतःचा फोन टँकरमध्ये चेंगरला होता. गाडीच्या दाराच्या खणात कशाचातरी मंद उजेड दिसला, म्हणून हात घातला तर ही पिशवी लागली, चेन अर्धवट उघडलेली. आत मोबाइल, आणि त्याला टेकून बर्फाची निळी वडी.

"मग?"

"फोन बाहेर काढला, मदतीला फोन लावला. आणि वडी त्याच्या डोक्याला धरली. पोरगा म्हणत होता, गरम होतंय, गरम होतंय. मग गप्प झाला. मी धरूनच राहिलो."

"किती वेळ?"

"अँब्युलन्स येईपर्यंत. बावीस मिनिटं लागली म्हणे. मला नाही कळलं." तो खाली बघत होता. "पिशवीवर म्हाताऱ्या बाबांचं नाव आहे, मॅडम, औषधाची चिठ्ठी आहे. पडू नये म्हणून खिशात घातली. त्यांना देऊन टाका. धुवायची राहिली."

रय्यानं तीस वर्षांत कुणापुढेही डोळे पुसले नव्हते. त्या दिवशी शिपाई बघत असताना पुसले.

तरी अडचण होतीच. हे सगळं आरोपीच्या तोंडचं होतं. फोन पिशवीत होता हे ठेवणाऱ्यानंच सांगायला हवं होतं, आणि तोच शफीउलला आत ठेवायला निघाला होता.

६

शनिवारी सकाळी ती ट्रॅकवर गेली. औषधाच्या दुकानातून तसलीच पिशवी आणि वडी आणली होती. अ‍ॅप चालू करून मोबाइल शेडच्या दारात क्षणभर धरला, पिशवीत घातला, चेन लावली आणि गाडी काढली. माझिनला तिनं हमूदच्या शेजारी बसवलं होतं.

सावकाश अख्खी फेरी मारून ती कंटेनरच्या मागच्या अंगाला येऊन थांबली आणि जिना चढली. दोघांची पाठ तिच्याकडे होती, नजर पडद्यावर.

"हमूद, मी कुठे आहे?"

"शेडमध्येच की," हमूद टॅबवरून डोळे न काढता म्हणाला. "निघायचंय ना?" आणि मग आवाज मागून आला हे त्याच्या ध्यानात आलं.

तो वळला. रय्यानं पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

"फोनचं बोलणं चालू राहतं, कारण मोबाइलचा मनोरा जवळ असतो, जोरात बोलतो. उपग्रह फार लांबून कुजबुजतात. चंदेरी पिशवीत ते ऐकूच येत नाही. मग पडदा शेवटची ऐकलेली जागा दाखवत बसतो. त्या दिवशी तुला ठिपका पळताना दिसला नाही. दिसूच शकत नव्हता. तुला तो शेडमध्ये दिसला, तू हिरवा झेंडा दाखवलास आणि नमाजाला गेलास."

"मी... पडद्यावर ट्रॅक रिकामा होता, उस्ताझा. मी रोजच..." हमूदनं पिशवी मांडीवरून बाजूला सारली. "मी मुद्दाम नाही केलं."

"झेंडा मुद्दाम नाही दाखवलास. खोटं मात्र मुद्दाम बोललास, आणि त्या गरिबाच्या डोक्यावर खापर फोडलंस."

हमूदनं एकदम मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत बुडणाऱ्या माणसाची हुशारी आली. "त्याचा फोन अशा पिशवीत होता कशावरून? कोण सांगणार?"

७

झहरान अंगणात एकटाच बसला होता. रय्यानं काही लपवलं नाही, काही गोडही केलं नाही. कोरा रकाना सांगितला, एकोणीस अंश सांगितले, थर्मास सांगितला.

"अबू अयहम, तुम्हीच फोन त्या पिशवीत ठेवलात."

नमाजाची चटई त्यानं आधीच घडी केलेली होती, ती परत उलगडून परत घडी केली.

"तो हेल्मेट शोधत होता," शेवटी तो म्हणाला. "मी अ‍ॅप चालू केलं, पिशवीत घातला, दाराच्या खणात ठेवला. त्याला सांगितलं नाही. म्हटलं, फेरी संपल्यावर दाखवीन, बघ, ह्या वेळी वेळ वाचली. मीच म्हटलं त्याला, आपला नमाज झालाय, ट्रॅक रिकामा आहे, जा." त्यानं चटई बाजूला ठेवली. "पिशवीनं असं होतं, हे मला कुठून माहीत असणार?"

"माहीत नसणारच. कुणालाच नसतं."

"पण ठेवला मी."

"ठेवलात तुम्ही. झेंडा हमूदनं दाखवला. टेकडीकडे बघायचं सोडून पडद्याकडे बघायची सवय सगळ्या क्लबनं लावून घेतली. आणि ज्यानं काहीच केलं नाही, तो आत आहे. तुम्ही बोललात तर तो सुटेल. नाही बोललात तर मी तुम्हाला ओढून नेणार नाही. माझा अहवाल मी देईन, पण तुमच्या शब्दावाचून तो लंगडा आहे."

"आणि मग लोक म्हणतील, बापानंच..."

"म्हणतील," रय्या म्हणाली. खोटा दिलासा देणं तिला कधी जमलंच नव्हतं.

आत कुणीतरी भांडी लावत होतं. झहराननं हळूच विचारलं, "पिशवी कुठे सापडली?"

तिनं ते शेवटासाठी ठेवलं नव्हतं. सांगायला तिची जीभच रेटत नव्हती. आता सांगितलं. दार उचकटलं, पोरगा शुद्धीत होता, गरम होतंय म्हणाला. आणि ज्या माणसाला तुम्हाला तुरुंगात घालायचंय, त्यानं तुमच्या औषधाच्या पिशवीतली बर्फाची वडी पोराच्या डोक्याला धरली.

"किती वेळ?"

"बावीस मिनिटं. अँब्युलन्स येईपर्यंत."

झहरानचा चेहरा आक्रसला. "मला सांगितलं होतं, जागीच गेला. मी रोज रात्री विचार करायचो, त्या उन्हात, त्या वाळूत, माझा पोरगा एकटा..." तोंडावर दोन्ही हात धरून तो आवाज न करता हलत राहिला. रय्या शेजारी बसून राहिली.

मग त्यानं हात खाली घेतले.

"म्हणजे एकटा नव्हता."

"नव्हता."

तो उठला. भिंतीशी रेषेत लावलेल्या चपला पायात घातल्या, त्याही उलट्या, आणि त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"चला," तो म्हणाला. "ते कोठडीत भेटायला किती वाजेपर्यंत सोडतात?"